कानाचे यंत्र घेताना आकाराला भुलू नका

चष्मा घ्यायचा असला की आपण आधी डोळे तपासून घेतो, नंबर काढतो, त्याप्रमाणे काच ठरवतो आणि फ्रेम सर्वांत शेवटी निवडतो. कानाच्या यंत्राच्या बाबतीत आपल्या लोकांत हा क्रम नेमका उलटा चालतो. जाहिरातीत पाहिलेला आकार आधीच डोक्यात बसलेला असतो, मग किमतीची घासाघीस होते, आणि कानाची तपासणी ही दुकानदाराने फुकट करून दिलेली पाच मिनिटांची गोष्ट ठरते. परिणाम असा की वीस-तीस हजारांचे यंत्र दोन महिन्यांत कपाटात जाते आणि घरचे लोक पुन्हा पूर्वीसारखे ओरडून बोलू लागतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कोणत्या धाटणीचे यंत्र घ्यायचे हे तुमच्या कानाचा आलेख आणि तुमचा धंदा या दोघांनी ठरवायचे आहे. लाज आणि भाव यांना पुढची जागा देऊ नये.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी आपल्याच गल्ल्यावर बसून थोडा विचार करावा. फोनवरून माल मागवणारा गिऱ्हाईक 'सात पेट्या' म्हणतो आणि दुकानदार 'साठ' ऐकतो. लिलावात सहा आणि दहा यांच्यात गल्लत होते. मराठीत बोला की उर्दूत, सात आणि साठ यांच्यात फरक आहे तो शेवटच्या एका व्यंजनाचा, आणि कान जायला लागतो तेव्हा नेमकी ही बारीक व्यंजनेच आधी जातात. स्वर जाड आणि जोरकस असतात, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. म्हणूनच असा माणूस छातीठोकपणे सांगतो की मला सगळे ऐकू येते, तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात बोलता. तो खोटे बोलत नसतो. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. व्यापाऱ्याचे कान हे त्याच्या भांडवलाचाच भाग आहेत. पण दुकानाचे शटर दुरुस्त करायला एक दिवस न थांबणारा माणूस कानासाठी सात-सात वर्षे थांबतो.

कारागिरांची गोष्ट याहून कठीण आहे, कारण त्यांचे कान वयाने जाण्याआधी कामाने जातात. आपल्या जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण घ्या. धोट्याच्या जुन्या लूमवर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो आणि दर वेळी ठोका बसतो. दाटीने लूम बसवलेल्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि पाळी बारा तासांची असते. आपल्याकडच्या कारखाना नियमांनी ९० डेसिबलला आठ तास आणि १०० डेसिबलला दोन तास अशी मर्यादा घातली होती. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा हिशेब याहून कडक आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच मिळतात. पंधरा मिनिटे आणि बारा तास! नाशिक शहरात सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमध्ये, गॅरेजमधल्या पत्राकामात, फर्निचरवाल्यांच्या कटरपाशी आणि ग्राइंडरवर हीच कथा थोड्याफार फरकाने चालते. भांडी ठोकणाऱ्या तांबटांचे कान ठोक्यांनी निकामी होतात, हे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीसच लिहून ठेवले होते. तेव्हा हा रोग नवा नाही आणि नशिबाचाही नाही.

या आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची एक खूण आहे. तो सर्वांत आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्टीत, बहुधा ४००० च्या जवळ खड्डा पाडतो. खालच्या पट्टीतले, म्हणजे जाड आवाज बरीच वर्षे शाबूत राहतात. यंत्राची धाटणी ठरवताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि विकणारा बहुतेक वेळा हीच सांगत नाही.

यंत्राच्या दुकानात जाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवावा, हे सांगायला नको. तरीही सांगतो, कारण कानात साचलेल्या मळावर यंत्र बसवून घेतलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा एकाच कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर आधी उपचार, मग यंत्र. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद झाला, तर ती सर्दी समजून आठवडा घालवू नये. त्यावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नाशकात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येते.

त्यानंतर ऑडिओग्राम. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, दोन्ही कानांची वेगवेगळी तपासणी होते आणि एक आलेख हाती येतो. उजव्या कानाच्या खुणा लाल गोलाच्या, डाव्याच्या निळ्या फुलीच्या. वरून आडव्या ओळीत २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत पट्ट्या असतात, उभ्या ओळीत डेसिबल. खूण जितकी खाली, तितका कान मंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीप्रमाणे २० डेसिबलच्या आत ठीक, ३५ पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम, ६५ पर्यंत मध्यम-तीव्र आणि त्यापुढे तीव्र बहिरेपणा. हा कागद तुमचा आहे. तो मागून घ्या, झेरॉक्स काढून ठेवा. आलेख देण्याची टाळाटाळ जिथे होते, त्या दुकानातून उठून यावे. तपासणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का, हेही विचारावे. विचारण्यात अपमान कसला? सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतोच.

आता धाटण्यांकडे वळू.

सर्वांत जुनी धाटणी खिशातल्या डबीची. शर्टाच्या खिशात डबी, तिथून वायर आणि कानात बटण. सरकारी शिबिरांतून वर्षानुवर्षे हीच वाटली गेली. ती स्वस्त असते, आवाज जोरदार देते, साध्या पेन्सिल सेलवर चालते आणि तिची बटणे थरथरत्या बोटांनाही फिरवता येतात. ऐंशीच्या पुढच्या, तीव्र बहिरेपणा आलेल्या आणि घरातच असणाऱ्या बुजुर्गांना ती आजही चालेल. पण माइक छातीवर असल्यामुळे कपड्याची घासाघीस आधी ऐकू येते आणि समोरच्याचे बोलणे नंतर. काम करणाऱ्या माणसाला तर ती आम्ही मुळीच सुचवणार नाही. लेथवर किंवा कटरवर वाकणाऱ्याच्या गळ्याभोवती वायर लोंबती असणे हे संकट आहे.

दुसरी धाटणी कानामागच्या यंत्राची, ज्याला बी.टी.ई. म्हणतात. यंत्र कानाच्या पाठीमागे बसते, त्यातून एक पारदर्शक नळी येते आणि तुमच्या कानाचे माप घेऊन बनवलेल्या मोल्डमधून आवाज आत जातो. सौम्यापासून अतितीव्र बहिरेपणापर्यंत ही धाटणी चालते, म्हणजे पुढे कान आणखी मंद झाला तरी बहुतेक वेळा तेच यंत्र नव्याने जुळवून भागते. यंत्राचे नाजूक भाग कानाच्या बाहेर असतात, म्हणून मळ आणि घाम यांचा मारा मोल्डवर होतो, आणि मोल्ड वेगळा काढून धुता येतो. नळी काही महिन्यांनी कडक आणि पिवळी पडते. ती बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. बॅटरी मोठी, नारिंगी खुणेची १३ नंबरची, एक-दोन आठवडे जाते. जास्त ताकदीच्या यंत्राला निळ्या खुणेची ६७५ लागते. वाहता कान बरा झाला तरी पुन्हा ओल धरण्याची भीती असेल, तर हवा जाण्यासाठी मोल्डला छिद्र ठेवून घेता येते. उणिवाही आहेत. चष्म्याची काडी आणि यंत्र यांची कानामागे दाटी होते. टोपी कानावर ओढली की माइकवर दाब येऊन शिट्टी वाजते. सवय होईपर्यंत सजद्यात यंत्र पुढे सरकते. वुजू करण्याआधी ते काढून कोरड्या जागी ठेवावे आणि कान नीट पुसूनच पुन्हा घालावे. या गोष्टी चार दिवसांत अंगवळणी पडतात.

तिसरी धाटणी आर.आय.सी. ही. दिसायला कानामागचेच यंत्र, पण लहान. आणि आवाज देणारा भाग, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो बारीक वायरीच्या टोकाला थेट कानाच्या नळीत बसतो. त्याच्यावर रबराची छोटी छत्री असते आणि कान बराचसा उघडा राहतो. वर आम्ही ४००० हर्ट्झच्या खड्ड्याबद्दल लिहिले ते इथे उपयोगी पडते. ज्याचे जाड आवाज शाबूत आहेत आणि बारीक गेले आहेत, त्याने कान मोल्डने गच्च बंद केला तर स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. उघड्या छत्रीच्या आर.आय.सी.मध्ये तो त्रास होत नाही: जाड आवाज आपल्या वाटेने आत जातात, बारीक आवाज यंत्र वाढवून देते. दुकानात बसणाऱ्या, दिवसभर फोनवर आणि गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाला, आलेख तसा असेल तर, ही धाटणी उत्तम. पण रिसीव्हर कानाच्या आत असल्यामुळे मळ आणि घाम त्याला मारतात. त्याच्या तोंडावरची मळाची जाळी वेळोवेळी बदलावी लागते आणि रिसीव्हर गेला तर खर्च हजारांत जातो. लाकडाचा भुसा, पीठ, मिरची, सिमेंट, कापसाची रुई यांच्यात उभे राहणाऱ्याने आर.आय.सी. घेण्याआधी दोनदा विचार करावा, आणि घ्यायचीच झाली तर धूळ-पाण्यापासून बचावाचे आय.पी. ६८ मानांकन आहे का ते पेटीवर पाहून घ्यावी.

चौथी धाटणी कानाच्या आत बसणाऱ्या यंत्रांची. काही कानाच्या पाळीत भरतात, काही नळीच्या तोंडाशी बसतात, आणि सर्वांत लहान, सी.आय.सी., इतके आत जाते की बाहेरून एक बारीक दोरी तेवढी दिसते. जाहिरातीत हेच दाखवतात. आमच्या परिचयातील एका हार्डवेअर दुकानदाराने असेच यंत्र घेतले. विकणाऱ्याने सांगितले, 'हाजीसाहेब, बायकोलाही कळणार नाही.' खरेच कळले नाही, कारण हाजीसाहेबांना ऐकू येत नव्हते ते तसेच राहिले. पिवळ्या खुणेची १० नंबरची बॅटरी आठवडाभरही पुरत नव्हती. आयुष्यभर खिळे-स्क्रू मोजून जाड झालेल्या बोटांत ती बॅटरी धरताच येईना, मग रोज सकाळी नातू बॅटरी बसवून देई आणि नातू शाळेच्या सहलीला गेला की यंत्र बंद. शिवाय त्यांची खरी अडचण होती ती दुकानातल्या गर्दीत एकाचे बोलणे वेगळे काढण्याची. त्यासाठी यंत्राला दोन माइक लागतात, म्हणजे समोरचा आवाज पुढे घेता येतो आणि पाठीमागचा गलका मागे ठेवता येतो. एवढ्याशा सी.आय.सी.मध्ये दुसऱ्या माइकला जागाच नसते. त्यांना जे यंत्र हवे होते ते निम्म्या किमतीत कानामागे बसले असते, फक्त लोकांना दिसले असते.

लोकांना दिसले तर काय होते, हे आम्हाला कळत नाही. चष्म्याला आपण विद्वत्तेची खूण मानतो, काठीला वयाची शान मानतो, आणि कानामागच्या बोटभर यंत्राने मात्र माणूस म्हातारा झाल्याचा पुकारा होतो! समोरचा माणूस तीनदा सांगतो आणि आपण तीनदा 'काय?' म्हणतो, तेव्हा पुकारा होत नाही का? उलट दिसणाऱ्या यंत्राचा फायदाच आहे. गिऱ्हाईक आपणहून समोर येतो आणि सावकाश बोलतो. लग्न जमायचे राहिलेल्या तरुण मुला-मुलींच्या बाबतीत ही लाज अधिक बोचते, हे आम्ही जाणतो. तरी जे यंत्र कानाला पुरेसे नाही ते लपले काय आणि दिसले काय, सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे ज्यांना यंत्राचा उपयोग होईल अशा शंभरांपैकी सुमारे सतरा जणच ते वापरतात. पैसा हे त्याचे एक कारण आहे, लाज हे दुसरे.

म्हणून आमचे मत असे की आपल्या वाचकांपैकी बहुसंख्य कारागिरांसाठी, म्हणजे गॅरेजवाले, सुतार, वेल्डर, लूम कामगार, गिरणीवाले यांच्यासाठी, स्वतःच्या मापाच्या मोल्डचे कानामागचे यंत्र हीच योग्य निवड आहे. घुमण्याचा त्रास मोल्डला हवेचे छिद्र ठेवून बराच कमी करता येतो. स्वच्छ जागी बसणाऱ्या व्यापाऱ्याने आलेख पाहून आर.आय.सी. घ्यावी. भाजी-फळांच्या लिलावात उभे राहणाऱ्या बागवान मंडळींनी दोन माइक असल्याची खात्री करूनच पैसे मोजावेत, मग धाटणी दोनपैकी कोणतीही असो. सी.आय.सी.चा सल्ला आम्ही फार थोड्यांना देऊ: ज्यांचे नुकसान सौम्य, कान कोरडे, बोटे चपळ आणि काम धुळीचे नाही.

किमतीबद्दल एक गोष्ट व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. यंत्रांचे भाव काही हजारांपासून लाख-दोन लाखांपर्यंत आहेत आणि ते चढतात ते बहुधा 'चॅनल'च्या आकड्यावर. आठ चॅनल, सोळा चॅनल, बत्तीस चॅनल. चॅनल जास्त असले तर आवाज अधिक बारकाईने जुळवता येतो हे खरे, पण जुळवणाऱ्याने आलेखाप्रमाणे जुळवले तरच. नुसत्या चॅनलवर यंत्र घेणे म्हणजे घुंगरे मोजून बैल घेणे. दोन्ही कान मंद असतील आणि चाळीस हजार जवळ असतील, तर एका कानाच्या चाळीस हजारांच्या यंत्रापेक्षा दोन्ही कानांसाठी वीस-वीस हजारांची दोन घ्यावीत. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांच्या फरकावरून ओळखतो. एका कानावर चालणाऱ्या माणसाला द्वारका चौकात मागून येणारा ट्रक डावीकडून येतो की उजवीकडून, हे कळत नाही.

श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. कर वाचवून देतो म्हणून बिलाशिवाय यंत्र देणारा भेटला तर तो तुमचा नव्हे, स्वतःचा फायदा पाहतो आहे. पक्के बिल आणि त्यावर यंत्राचा क्रमांक घ्यावा, म्हणजे वॉरंटीला अर्थ राहील. आठ-दहा दिवस वापरून पाहण्याची सवलत मागावी, लागेल ती अनामत ठेवावी, आणि ते दिवस घरात बसून घालवू नयेत. यंत्र लावून दुकानात बसावे, मशिदीत खुत्बा ऐकावा, फोनवर ऑर्डर घ्यावी, पंखा आणि जेवणाची भांडी वाजत असताना घरच्यांशी बोलावे. काय ऐकू आले नाही ते कागदावर लिहून ऑडिओलॉजिस्टकडे न्यावे. पहिल्या जुळवणीत यंत्र बरोबर बसले असे क्वचितच होते. दोन-तीन फेऱ्या धरूनच चालावे. बाजारात आणि मोबाईलवरच्या जाहिरातीत हजार-पाचशेला 'आवाज वाढवणारी' यंत्रे मिळतात, त्यांच्यापासून दूर राहावे. ती सगळाच आवाज सारखा वाढवतात, शाबूत असलेल्या पट्टीतलाही; सात आणि साठचा घोळ त्यांनी सुटत नाही आणि उरलेल्या कानाला इजा होऊ शकते.

बटण सेलबद्दल दोन शब्द. ही बॅटरी हवेवर चालते. तिच्यावरची चिकटपट्टी काढली की ती वापरा न वापरा, खर्च होऊ लागते. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग यंत्रात घालावी. रात्री यंत्राचे दार उघडे ठेवावे. घरात लहान मूल असेल तर सेल कुलपात ठेवावेत. गिळलेला सेल जिवावर बेततो.

आता सर्वांत मोठा गैरसमज. लूमवर किंवा ग्राइंडरवर काम करताना यंत्र लावून बसू नये. यंत्र आवाज वाढवते; शेडच्या गडगडाटात ते कानावर आणखी भार घालते. बंद करून ठेवलेले यंत्र हे कानाचे संरक्षण होईल असेही समजू नये, आणि उघड्या छत्रीच्या यंत्रातून तर सगळा आवाज आत येतो. कामाच्या वेळी यंत्र डबीत आणि कानात फोमचे बोळे, किंवा कानावर इअर मफ. काम संपले की यंत्र. फोमचा बोळा बोटांनी बारीक वळून, कान वर ओढून, आत खोल घातला तर वीसेक डेसिबल अडवतो. कापसाचा बोळा काहीच अडवत नाही. फोमच्या जोडीला दहा-वीस रुपये पडतात.

इथे आम्हाला लूमच्या आणि वर्कशॉपच्या मालकांशी थोडे कडक बोलायचे आहे, कारण तेही हे पान वाचतात. आवाजाने येणारा बहिरेपणा हा धंद्याचा रोग म्हणून १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत घातला गेला होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. चार-सहा लूमच्या घरगुती शेडपर्यंत कायदा फारसा पोहोचत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. वीस माणसांना महिनाभर पुरतील एवढे बोळे मालकाच्या एका दिवसाच्या चहा-पानाच्या खर्चात येतात. 'आमचे लोक घालत नाहीत' हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. मालक स्वतः शेडमध्ये शिरताना घालू लागला की लोकही घालतात. आणि कानात बोळा असला तर लूमचा बिघाड ऐकू येत नाही, ही तक्रार नवशिक्याची आहे. जुना कारागीर हाताखालच्या थरथरीवरून बिघाड ओळखतो.

ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांच्यासाठी वाटा आहेत, पण त्या वेळखाऊ आहेत. केंद्र सरकारची अडिप योजना १९८१ पासून चालत आली आहे. तिच्यात उत्पन्नाच्या अटीवर श्रवणयंत्र मिळते, मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. इथे एक खाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत किमान ६० डेसिबलचे नुकसान असल्याशिवाय माणूस 'ऐकण्यास जड' या व्याख्येत बसत नाही. आपल्या कारागिरांपैकी पुष्कळजण ४५-५५ वर अडकलेले असतात: धंद्यात नुकसान होण्याइतके बहिरे आणि कागदावर चांगले. त्यांनी प्रमाणपत्राची वाट पाहत वर्षे घालवू नयेत, बिशी लावून का होईना यंत्र घ्यावे. पासष्टीच्या पुढच्या आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आतल्या बुजुर्गांसाठी राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तिच्यात चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद केली गेली. तीन हजारांत धड यंत्र येत नाही, पण दोन मोल्ड आणि वर्षाच्या बॅटऱ्यांना हातभार लागतो. अर्ज घेणे चालू आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.

मुंबईला माल आणायला जाणाऱ्यांना आणखी एक ठिकाण सांगतो. वांद्रे रेक्लमेशनवर अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले आणि १९७६ साली त्या पदावर असतानाच वारलेले अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरूही होते. ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था कानाची तपासणी, मोल्ड बनवणे आणि यंत्र जुळवणे ही कामे करते, आणि तिला कोणत्याही एका कंपनीचे यंत्र विकायचे नसते. त्यामुळे नाशकात कोणी लाखाचे यंत्र सुचवले असेल, तर तोच आलेख घेऊन तिथे दुसरे मत घेण्यास एक दिवस आणि रेल्वेचे तिकीट एवढाच खर्च आहे. जाताना जुना ऑडिओग्राम, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधीचे यंत्र असेल तर तेही, बंद पडलेले असले तरी, सोबत न्यावे. आणि बरोबर घरातले एक माणूस असावे, कारण ऑडिओलॉजिस्टने सांगितलेले निम्मे तुम्हाला ऐकू येणार नाही.